डिकीवरच्या चार भोकांबद्दल

नमस्कार. मामांच्या 1972च्या एमजीबीला (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) स्पॉयलर, म्हणजे डिकीवर हवा वळवणारी फायबरची पट्टी, बसवला, त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नागपुरात साठच्या वर गाडी जात नाही, तिथे स्पॉयलर कशाला, जुन्या गाडीला ही आजकालच्या पोरांची फॅशन शोभत नाही, डबल टेपनं भागत असताना मूळ पत्र्याला भोकं पाडली, आणि एवढं करून स्पॉयलर आणि डिकी यांच्या सांध्याची फटही बुजवली नाही.

पहिला मुद्दा मान्य. हवेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे 180ला जेवढा परिणाम त्याचा नववा हिस्सा 60ला. वर्धा रोडवर या सिग्नलपासून त्या सिग्नलपर्यंत तो कुणाला जाणवणार? मामांना आकार आवडला म्हणून बसवला. लेखात मी ‘स्टॅबिलिटी’ वगैरे लिहिलं ती निव्वळ फुशारकी.

फॅशनचं मात्र नाही पटलं. 1961 साली रेसर रिची गिंथरनं फेरारीच्या रेसच्या गाडीला मागे पत्र्याची पट्टी लावायला लावली. हेतू धूर आत येऊ नये हा होता असं सांगतात. पण गाडीचं मागचं टोकही त्यानं स्थिर झालं. आणि पोर्शेनं बदकाच्या शेपटीसारख्या स्पॉयलरची कॅरेरा आरएस 2.7 पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली ती 1972 मध्येच. मामांच्या गाडीचं आणि त्या शेपटीचं वय एकच! एमजीबीला कंपनीनं असं काही दिलं नव्हतं, एवढं तुमचं खरं.

आता भोकं. टेप आम्ही आधी लावून पाहिली होती. मे महिन्यात एका लग्नाला गेलो, गाडी हॉलसमोर उन्हात तीन तास. पारा 45 आणि पत्रा असा की हात ठेववेना. परत आलो तर स्पॉयलरचा डावा कोपरा बोट शिरेल एवढा उचललेला. म्हणून बोल्ट.

‘मूळ पत्रा’ म्हणता, तर ड्रिल मारण्याआधी डिकीच्या काठावरून चुंबक फिरवला होता. उजवीकडे वीतभर जागेत तो चिकटेचना. मिस्त्री हसले, “काहून घाबरता भाऊ, इथं पत्रा हायेच कुठी?” वरचा रंग खरवडला तर खाली नुसती लांबी (खड्डे भरायची पुट्टी), आणि लांबीखाली गंज. कुणीतरी कधीतरी ठोक बसलेला कोपरा तसाच भरून टाकलेला. तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, मग पंच मारून आधी 3 मिमी आणि नंतर 6 मिमीचं ड्रिल. भोकाच्या कडा घासून प्रायमर, वर रबरी वायसर, आतून लांब पट्टी, म्हणजे ताण एका जागी येत नाही. हे लेखात लिहायला हवं होतं, फोटोंच्या नादात राहून गेलं.

फटीबद्दल पेंटरही तुमच्यासारखाच हटून बसला होता. लांबी भरून एकजीव करू म्हणे. पण फायबर पत्र्यापेक्षा जास्त पसरतं. डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांत पत्र्याच्या तापमानात सहज 60 अंशांचा फरक पडतो. मीटरभर लांबीच्या स्पॉयलरमध्ये दोघांत अर्धा-पाऊण मिलिमीटरचं अंतर पडतं. सांध्यात लांबी असती तर पहिल्याच उन्हाळ्यात केसाएवढी चीर, आणि चिरेतून पाणी. म्हणून फट उघडी ठेवून रबराची कड बसवली आणि टोकाच्या दोन बोल्टांची भोकं लांबट केली, म्हणजे फायबरला सरकायला जागा राहते. दिसायला कमी, कबूल.

तुम्ही न काढलेला एक मुद्दा मीच काढतो. 2021च्या नियमांत 50 वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद करायची तर ती मूळ स्वरूपात हवी. मामांनी तो अर्ज केलेला नाही. उद्या करायचा म्हटला तर स्पॉयलर उतरवून ही चार भोकं बुजवावी लागतील. त्यांना हे ड्रिल मारण्याआधी सांगितलं होतं. “तेव्हाचं तेव्हा,” म्हणाले.

आणि हो, पहिल्या पावसानंतर डिकी उघडली तर तिसऱ्या बोल्टखाली ओल होती. सीलंट उकरून पुन्हा भरलं, दोन दिवस गाडी झाकून ठेवली. मूळ लेखात आज ते जोडतो आहे.