अंदाजपत्रकापेक्षा 1 लाख 62 हजार जास्त का लागले: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की 2,100 रुपये चौरस फुटाने ठरलेलं काम आम्ही 2,700 च्या वर नेलं, दर आठवड्याला नवीन 'एक्स्ट्रा' काढला, अडीच महिने सांगून साडेचार महिने लावले, आणि शेजारच्यांची तेवढीच खोली 1,600 च्या दराने झाली. सिमेंटवरचा जीएसटी उतरला तरी बिल उतरलं नाही, असंही लिहिलंय. काम चांगलं झालं, पण बजेट सांभाळायचं असेल तर यांच्याकडे जाऊ नका, असा शेवट केलाय. त्याआधीच्या ओळीत बँकेतली ठेव मोडावी लागल्याचं म्हटलंय. ते वाचून वाईट वाटलं. घरात खोली वाढवायला काढलेल्या पैशामागे किती वर्षांची बचत असते, हे या धंद्यात रोज दिसतं. म्हणून 'ऑफिसला फोन करा' एवढ्यावर न थांबता सगळा हिशोब इथेच मांडतो.

तुमच्या 260 चौरस फुटांच्या वाढीव बांधकामाचं अंदाजपत्रक 5,46,000 चं होतं. शेवटचं बिल 7,08,000 झालं. फरक 1,62,000. त्यातले 58,000 नव्या खोलीचा पाया घालण्यात गेले, 27,000 जुन्या ड्रेनेजवर, 31,000 जुन्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर आणि 46,000 टाइल्स, ग्रॅनाइट, माळा व वाढीव खिडकीवर. प्रत्येक रकमेचं वेगळं पत्रक काम करण्याआधी तुम्हाला दिलं होतं आणि त्यावर तुमची सही आहे.

आधी पायाचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त राग त्याच रकमेचा दिसतो. तुमची कॉलनी पूर्वीच्या शेतजमिनीवर उठलेली आहे. सांगलीत अशा बऱ्याच ठिकाणी खाली काळी माती लागते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावर टेकवलेला पाया वर-खाली होत राहतो. अंदाजपत्रकात आम्ही पायाची खोली साडेचार फूट धरली होती. 'मुरूम न लागल्यास खालची खोदाई, काँक्रीट व सळई मोजमापाप्रमाणे' असं लिहून दरही दिले होते. आधी एक चाचणी खड्डा घेऊ असं सुचवलं होतं, पण नुकतेच बसवलेले पेव्हर ब्लॉक उखडायला नकोत असं तुमचं म्हणणं पडलं. तेही समजण्यासारखं होतं.

खड्डे घेतले त्या दिवशी तुम्ही स्वतः उभे होता. साडेचार फुटांवर पहार मारली तरी तिला काळी चिकट मातीच लागून येत होती, आणि खड्ड्याच्या भिंतीला बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. मुरूम लागला साडेसात फुटांवर. बोळ अरुंद, जेसीबी आत येत नाही, म्हणून ती तीन फुटांची खोदाई माणसांनी केली आणि माती पाट्यांनी बाहेर काढली. खोदाई आणि माती हलवण्याचे 16,000, वाढीव काँक्रीट-सळईचे 30,000, मुरूम भरून धुमसने ठोकून बसवण्याचे 12,000. साडेचार फुटांवर काँक्रीट ओतून हे पैसे वाचवता आले असते आणि तुम्हीही कदाचित खूश झाला असता. पण मग दोन-तीन पावसाळ्यांत जुनं घर जागेवर राहिलं असतं, नवी खोली खचली असती, आणि दोन्हींच्या मधोमध तडा गेला असता. अशी तडकलेली घरं दुरुस्त करायलाही आम्हालाच बोलावतात. तेव्हाचा खर्च या 58,000 च्या कितीतरी पट असतो. पायाच्या बाबतीत मी ग्राहकाच्या बजेटसाठी तडजोड करत नाही, पुढेही करणार नाही.

ड्रेनेजचं थोडक्यात सांगतो. जुन्या संडासाचा चेंबर नेमका नव्या खोलीच्या जमिनीखाली निघाला. तो घराच्या नकाशात नव्हता आणि वरून फरशी होती. राहत्या खोलीखाली चेंबर ठेवायचा नसतो, म्हणून तो अंगणात काढला आणि नवीन पाइप टाकला.

गच्चीचे 31,000 मूळ कामातले नव्हतेच. नवा आणि जुना स्लॅब जिथे भेटतात तो सांधा बंद करणं आमच्या अंदाजपत्रकात होतं आणि ते त्याच पैशांत केलं. सांध्यासाठी जुना कोबा थोडा फोडल्यावर खालची ओल दिसली, तेव्हा 'आता माणसं वर आहेतच, तर सगळी गच्चीच करून घ्या' असं तुम्ही सांगितलंत. निर्णय योग्य होता. फक्त तो खर्च नव्या खोलीच्या चौरस फुटांत धरून 2,700 चा दर काढणं बरोबर नाही. टाइल्सचंही तसंच. आम्ही 45 रुपये फुटाची टाइल धरली होती, घरात सगळ्यांना 78 ची आवडली. पुढे खिडक्यांना ग्रॅनाइटच्या चौकटी आल्या, माळा आला, पूर्वेला एक खिडकी वाढली. खोली आज छान दिसते आणि तुम्ही केलेली निवड उत्तम आहे. तिची किंमत मात्र बिलात येणारच.

आता शेजारच्यांचा 1,600 चा दर. त्यांची खोली जुन्या घराच्या वर, आधीच उभ्या असलेल्या कॉलमवर बांधलेली आहे. तिथे खोदाई, फुटिंग (कॉलमखालचं काँक्रीट), प्लिंथ (जोतं), भराव यातलं काहीच नाही, आणि त्या खोलीला संडास-बाथरूमही नाही. बाथरूम हा घरातला चौरस फुटामागे सगळ्यात महाग भाग. पाइप, नळ, भिंतीवर उंचीपर्यंत टाइल, खाली वॉटरप्रूफिंग, हे सगळं जेमतेम चाळीस चौरस फुटांत बसवायचं असतं. दोन कामांचं क्षेत्रफळ सारखं म्हणून खर्च सारखा होत नाही.

मुळात चौरस फुटाचा दर ही भाषा नव्या, मोठ्या बांधकामाची आहे. आमच्या धंद्यात सगळेच ती बोलतात, ग्राहक पहिल्या फोनवर तेच विचारतात, आणि त्यातूनच असे गैरसमज होतात. 30 बाय 40 च्या घराला 1,200 चौरस फुटांसाठी बाहेरची भिंत 140 फूट लागते, म्हणजे शंभर चौरस फुटांमागे बारा फुटांहून कमी. 10 बाय 10 च्या सुट्या खोलीला शंभर चौरस फुटांसाठीच 40 फूट भिंत लागते. आतल्या भिंती धरल्या तरी तफावत मोठी राहते. तुमच्या 260 फुटांच्या पाच इंची स्लॅबला सुमारे 108 घनफूट, म्हणजे ब्रासभराहून थोडं जास्त काँक्रीट लागलं. आरएमसीचा (प्लांटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटचा) एक ट्रक साधारण त्याच्या दुप्पट माल आणतो, म्हणून आपण साइटवरच मिक्सर लावला. मिक्सर, लिफ्ट आणि स्लॅबची गँग यांचा दिवस मात्र 260 फुटांनाही तेवढाच आणि 800 फुटांनाही तेवढाच. वाळूची अर्धी गाडी मागवली तरी भाडं अर्धं होत नाही. म्हणूनच वाढीव बांधकामाला आम्ही बाबवार अंदाजपत्रक देतो आणि एकूण भागिले फूट हा आकडा फक्त माहितीसाठी शेवटी लिहितो. तुमच्या कागदावरही 2,100 तसाच, तळाला आहे.

त्याच पानावर 'अनपेक्षित कामांसाठी 15 टक्के राखीव ठेवावेत' ही ओळ आहे. 5,46,000 चे 15 टक्के म्हणजे 81,900. जमिनीखालून निघालेली दोन कामं, पाया आणि ड्रेनेज, मिळून 85,000 ची झाली. म्हणजे अंदाज जवळपास तंतोतंत उतरला. बँकेच्या टॉप-अप कर्जासाठी (आधीच्या कर्जावर मिळणाऱ्या वाढीव कर्जासाठी) कागद देताना हा राखीव आकडा धरून देऊ का, असं आम्ही विचारलं होतं. हप्ता वाढेल म्हणून तुम्ही तो वगळायला सांगितलात. तुमची ठेव वाचावी असं मलाही वाटत होतं, आणि ती याच ठिकाणी वाचली असती.

जीएसटीबद्दल तुमचा प्रश्न रास्त आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा कर 28 वरून 18 टक्के झाला. आपलं अंदाजपत्रक त्यानंतरचं, डिसेंबरचं आहे, त्यामुळे उतरलेला भाव आधीच धरलेला होता. तरी आकडा सांगतो. 350 ला मिळणारं पोतं या बदलाने सुमारे 27 रुपयांनी स्वस्त होतं. तुमच्या कामाला साधारण 120 पोती लागली. म्हणजे सव्वातीन हजारांच्या आसपास. जुन्या घराला जोडून बांधताना खर्च मजुरीत, तोडफोडीत आणि जमिनीखाली जातो. सिमेंट हा त्यातला लहान भाग आहे.

उशिराबद्दल. पाया खोल गेला, चेंबर हलवला, त्यात दिवस गेले. घरात दहावीची परीक्षा होती, म्हणून तोडफोड आणि कटर बंद ठेवा असं तुम्ही सांगितलंत, आणि आम्ही ते आनंदाने पाळलं. टाइल्स ठरायलाही वेळ लागला. स्लॅबखालचे टेकू दोन आठवडे काढायचे नाहीत आणि पाणी मारणं सोडायचं नाही, हे मी घाई असली तरी मोडू देत नाही.

हे वाचणारे जे कोणी घर वाढवणार असतील त्यांना कळकळीने सांगतो, ठेकेदार आम्ही असू किंवा दुसरं कोणी. दर विचारण्याआधी अंदाजपत्रकात काय धरलेलं नाही ते विचारा. आर्किटेक्टची फी आणि महापालिकेच्या परवानगीचं शुल्क बहुतेक वेळा त्यात नसतं. पेव्हर ब्लॉक उखडावे लागले तरी चाचणी खड्डा घ्या. टाइल, नळ, दरवाजे दुकानात जाऊन आधी पसंत करा आणि त्यांच्या किमती कागदावर येऊ द्या. कर्ज काढणार असाल तर राखीव रकमेसकट काढा. आणि सगळे पैसे काम संपताच देऊ नका, काही रक्कम पावसाळा होईपर्यंत हातात ठेवा.

तुमच्याकडेही आमचे 20,000 अजून आहेत आणि ठरल्याप्रमाणे ते दसऱ्यापर्यंत तुमच्याकडेच राहतील. पहिला मोठा पाऊस झाला की मी मिस्त्रीला घेऊन सांधा आणि गच्ची बघायला येतो. मोजमापाची वही, माल आल्याच्या पावत्या आणि तुमच्या सह्यांची पत्रकं ऑफिसात ठेवलेली आहेत. तुमच्या विश्वासातला कोणताही इंजिनिअर घेऊन या आणि पुन्हा मोजून घ्या. मोजमापात फरक निघाला तर तेवढे पैसे त्याच दिवशी परत देईन आणि तसं इथे लिहीनही.