पेटंटवाली खुर्ची आणि पाठदुखीचा ‘सरकारी दाखला’

‘भारत सरकारने पेटंट दिलेली ऑफिसची खुर्ची. पाठदुखी, सायटिका यांवर सिद्ध. बिफ्मा प्रमाणित. नासाने शोधलेली बैठक. लाखाच्या वर किंमत असलेल्या एरॉन या अमेरिकन खुर्चीचं पेटंट संपलं, म्हणून हुबेहूब तीच आता १४ हजारांत.’ खाली अशोकस्तंभ असलेल्या प्रमाणपत्राचा फोटो आणि बुकिंगचा नंबर.

हा फॉरवर्ड निदान चार ग्रुपांवर फिरतोय, तोवर दुर्लक्ष केलं. पण आमच्या सासऱ्यांनी तो वाचून फिजिओथेरपी बंद केली. का, तर ‘सरकारनेच तपासलीय ना खुर्ची!’ आता गप्प बसवत नाही.

तो फोटो मोठा करून वाचायचे कष्ट कोणी घेतलेत का? ते पेटंट नाहीच. डिझाइनच्या नोंदणीचं प्रमाणपत्र आहे, कोलकात्याच्या कार्यालयाचं. वर्ग ०६-०१, म्हणजे बसायच्या वस्तू. डिझाइन कायदा, २०००, कलम २ मध्ये डिझाइनची व्याख्या दिली आहे. वस्तूचा आकार, ठेवण, नक्षी, रंगसंगती, यांतलं जे केवळ नजरेने जोखलं जातं तेवढंच डिझाइन. रचनेची पद्धत किंवा तत्त्व, आणि जे मुळात निव्वळ यांत्रिक साधन आहे, ते या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळलंय. म्हणजे ज्या कागदाच्या जोरावर ही खुर्ची कणा सांभाळते म्हणून विकताय, त्या कागदाला कायद्यानेच कण्याबद्दल तोंड उघडायची मुभा नाही. खुर्ची आधीच्या खुर्च्यांपेक्षा वेगळी दिसते, एवढीच त्याची साक्ष. तीही दहा वर्षांपुरती, फार तर आणखी पाच.

बरं, खरंखुरं पेटंट असतं तरी काय झालं असतं? पेटंट देताना पाहतात ते हे, की कल्पना नवी आहे का, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखी तर नाही ना, आणि उद्योगात वापरता येते का. परीक्षक काही पाठ दुखणाऱ्या माणसांना महिनाभर खुर्चीत बसवून बघत नाही. खुर्च्यांची पेटंटं उघडून वाचा. पाठ मागे रेलली की सीट किती झुकेल, स्प्रिंगचा ताण कुठल्या नॉबने बदलेल, जाळी चौकटीत कशी अडकवायची, पानंच्या पानं हेच असतं. आणि पेटंट नसताना ‘पेटंटेड’ म्हणून माल विकणं हा पेटंट कायद्याच्या कलम १२० चा भंग आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने त्याचा दंड एक लाखावरून दहा लाखांपर्यंत नेलाय. विक्रेत्याने हेही फॉरवर्ड करावं.

बिफ्मा ही फर्निचर बनवणाऱ्यांची संघटना आहे, डॉक्टरांची नव्हे. ऑफिसच्या खुर्च्यांसाठीची तिची एक्स ५.१ चाचणी खुर्ची मोडते का, कलंडते का, हे बघते. चांगलीच गोष्ट आहे, पण सायटिकाचा संबंध कुठे आला?

नासाबद्दल काय बोलावं! १९७० च्या दशकात स्कायलॅब या नासाच्या अंतराळस्थानकात वजनरहित अवस्थेत शरीर सैल सोडलं की ते कुठल्या ठेवणीत येतं, हे टिपलं होतं. ती माणसं तरंगत होती हो, बसली नव्हती.

राहता राहिली एरॉन. इथे थोडं मान्य करावं लागतं. बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक यांनी हर्मन मिलर या अमेरिकन फर्निचर कंपनीसाठी केलेली ही खुर्ची १९९४ साली बाजारात आली आणि तिच्या मूळ पेटंटांची मुदत खरंच संपली आहे. त्यातली यंत्रणा आज कोणीही बनवू शकतो. स्टम्फ डॉक्टर नव्हते, डिझायनर होते, पण विस्कॉन्सिन विद्यापीठात असताना त्यांनी हाडांच्या आणि रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञांबरोबर बसण्याचा अभ्यास केला होता, हेही खरं. नीट बसवलेली चांगली खुर्ची दिवसभर काम करणाऱ्याला आराम देते, यालाही माझी ना नाही.

पण ‘हुबेहूब’? यंत्रणा मोकळी झाली म्हणून रूपही मोकळं झालं, असं होत नाही. एरॉनच्या दिसण्यावर मालकी सांगता येते का, यावर अमेरिकेत खटला झाला. ज्युरीने नाही म्हटलं, कारण ते रूप कामाच्या गरजेतून आलेलं आहे. २०२० मध्ये तिथल्या नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या, अपील न्यायालयाने ज्युरीला दिलेल्या सूचना चुकीच्या ठरवून तो मुद्दा पुन्हा सुनावणीला पाठवला.

त्याहून मोठी गोम मापात आहे. एरॉन पहिल्यापासून ए, बी, सी अशा तीन मापांत येते, कारण एकच खुर्ची सगळ्यांना बसत नाही हीच तिच्यामागची कल्पना. सीट मांडीच्या मानाने लांब असली, तर कडा गुडघ्याच्या मागे रुतते, माणूस पुढे सरकतो आणि पाठीला आधार उरतच नाही. मग जाळी कितीही भारी असो. या चौदा हजारांच्या खुर्चीचं माप एकच आहे, ‘सर्वांसाठी योग्य’. रंग मात्र सहा दिलेत. सीटची खोली किती, हे जाहिरातीत कुठेही नाही.