चप्पल हुंगणारा जावई

मागच्या वर्षी जुलैत, लक्ष्मी रोडवर भर पावसात माझ्या उजव्या पायातली कोल्हापुरी उलगडली. तुटली नाही, उलगडली. वरचा चकचकीत थर एकीकडे, खालचा दुसरीकडे आणि मधे ओल्या पुठ्ठ्याचा लगदा. त्या पुठ्ठ्यावर 'धिस साइड अप' असं छापलेलं होतं. शेजारी बाणही होता. तो जमिनीकडे होता.

फुटपाथवर साडेतीनशे रुपयांना घेतली होती. विकणारा म्हणाला होता, "अस्सल आहे साहेब, हातानं बनवलेली." आता पुठ्ठा हातानंच चिकटवला असणार, त्यामुळे तो अगदीच खोटं बोलला असंही म्हणता येत नाही.

यात हसण्यासारखं फार काही नव्हतं, पण बायकोचं माहेर कोल्हापूर. मी तिला फोटो पाठवला ही माझी चूक. मी लंगडत घरी पोचेपर्यंत तो फोटो कोल्हापुरात पोचून पुढे साताऱ्यापर्यंतच्या नातेवाइकांत फिरला होता.

दिवाळीला सासरी गेलो, तर मामांनी फराळाआधी शिकवणी काढली. चकलीच्या ताटलीशेजारी वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर स्वतःची जुनी चप्पल ठेवली. (सासूबाईंनी ताटली उचलून आत नेली.)

"आधी कड बघायची," मामा म्हणाले. खऱ्या चपलेच्या कडेला चामड्याचे थर एकावर एक दिसतात आणि ते चामड्याच्याच वादीनं शिवलेले असतात. नकलीची कड जाड रंगानं लिंपलेली असते, कारण आत काय आहे ते दिसू नये. शिवण यंत्राची, दोरा नायलॉनचा. खिळा दिसला तर पुढचं काही बघायचंच नाही. डावी-उजवी अगदी साच्यातून काढल्यासारखी सारखी असेल तरी शंका घ्यायची. हाताच्या कामात उन्नीस-बीस राहतंच. पाण्याचा थेंब टाकायचा: चामडं तो पिऊन काळवंडतं, रेक्झिनवरून तो घसरतो.

"आन् काडी लावली तर रेक्झिन वितळतंय."

"दुकानात काडी लावायची?"

"हळूच लावायची."

पण सगळ्यात मोठी परीक्षा वासाची. बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात मुरवून कमावलेल्या चामड्याला एक मातकट, तुरट वास असतो. नकलीला डिंकाचा आणि प्लॅस्टिकचा. मामांनी डोळे मिटून आपली चप्पल हुंगली आणि माझ्याकडे दिली. वीस वर्षांच्या वापरानंतर त्या चपलेला हिरड्याखेरीज इतरही वास होते, पण जावयानं बोलू नये.

दुसऱ्या दिवशी मामांबरोबर चप्पल लाईनला गेलो. मी एकेक जोड उचलून कड बघत होतो, वाकवत होतो, हुंगत होतो. शेजारच्या बाई पोराला घेऊन दुसऱ्या टोकाला सरकल्या. सहावा जोड नाकाशी नेला तेव्हा दुकानदार शांतपणे म्हणाला, "चाखून बघताय का?"

मी शेवटचा हुकमी प्रश्न टाकला, "ही कोल्हापुरातच बनलीय ना?"

"न्हाई. अथणीची हाय."

मी विजयी मुद्रेनं जोड खाली ठेवला. दुकानदारानं तो पुन्हा माझ्या हातात दिला. २०१९ साली कोल्हापुरीला जे भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांना आणि कर्नाटकच्याही चार जिल्ह्यांना. अथणी बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे तीही अस्सल. मामांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सीमाप्रश्न असा पायात येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मग मला आठवलं, लिडकॉमनं, म्हणजे राज्याच्या चर्मोद्योग महामंडळानं, आता चपलेवर क्यूआर कोड आणलाय, मोबाईल धरला की कारागिराची माहिती येते. मी कोड शोधायला लागलो, तर मामा भडकले. "चप्पल हुंगायची असती, तिचा फोटो कसला काढताय?" मोबाईल बाहेर आलाच होता, म्हणून मी त्यांना २०२५च्या जूनमधला मिलानच्या फॅशन शोचा फोटो दाखवला. प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं तिथं कोल्हापुरीसारख्या चपला कोल्हापूरचं नाव न घेता चालवल्या आणि इकडे आरडाओरडा झाल्यावर मूळ कबूल केलं. मामांनी फोटो बोटांनी मोठा केला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"कड दिसंना हिची," म्हणाले आणि मोबाईल परत दिला.

अथणीचाच जोड घेतला, दोन हजारांना. पंधरा दिवस तो चावला. एरंडेल लावलं, मोजे घातले, ऑफिसात टेबलाखाली अनवाणी बसलो. मग एके दिवशी तो अचानक पायाचा झाला आणि मी जाईन तिथे लोकांच्या चपलांच्या कडा बघू लागलो. लग्नांत माझ्याशेजारी बसायला नातेवाईक नाखूष असतात.

या जुलैत मामा पुण्याला आले. मी स्वारगेटला घ्यायला गेलो. मुसळधार पाऊस, घोट्यापर्यंत पाणी आणि माझ्या पायात अभिमानानं अस्सल कोल्हापुरी. मामा एसटीतून उतरले. त्यांच्या पायात निळ्या प्लॅस्टिकच्या सँडल होत्या.

"जावईबापू," ते माझ्या पायांकडे बघत राहिले, "कोल्हापुरी पावसात घालत्यात व्हय?"

मी खाली पाहिलं. दोन्ही चपला पाणी पिऊन काळ्याठिक्कर पडल्या होत्या आणि पुरीसारख्या फुगल्या होत्या.

"थेंबाची परीक्षा पास झाली," मी म्हणालो.

"काढा बघू."

भर गर्दीत एका पायावर उभं राहून मी उजवी काढून त्यांच्या हातात दिली. मामांनी डोळे मिटून हुंगली.

"खरी हाय," ते म्हणाले. मग ती उलटी करून तिच्यातलं पाणी निथळू दिलं. "व्हती."