एक्स्पोजर मिळेल, जेवणाचं नंतर बघू

चांगली नोकरी आहे, गिटारचे हप्ते फिटलेत आणि तरीही महिनाअखेरीस खात्यात चार पैसे उरतात, अशी तुमची अडचण असेल तर स्वतःची गाणी वाजवणारा बँड काढा. पैसे उरण्याचा त्रास कायमचा बंद होतो.

नाव इंग्रजीच ठेवा. निवेदकाला ते पहिल्या फटक्यात उच्चारता आलं, तर नाव चुकलं असं समजा. मावशी विचारेल, ‘बँड म्हणजे वरातीत वाजवता का रे?’ तिला हसू नका. वरातीतले बँडवाले इसार हातात पडल्याशिवाय ट्रंपेटला ओठ लावत नाहीत आणि उरलेले पैसे नवरदेव घोड्यावरून उतरायच्या आत वसूल करतात. तुम्हाला हे जमणार आहे का? मग मावशीला ‘थोडंफार तसंच’ म्हणा आणि चहा घ्या.

तालीम घरी करायचा विचार सोडून द्या. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. 55 म्हणजे दोन माणसांनी सोफ्यावर बसून मारलेल्या गप्पा. ड्रमकिट माइकशिवायही सहज शंभरच्या वर जातं. थोडक्यात, कायद्याच्या चौकटीत राहून ड्रम पुसता येतात. त्यामुळे तासावर भाड्याने मिळणाऱ्या जॅमरूममध्ये जा. ती तळघरात असते, तिथला एसी ‘कालच बिघडलेला’ असतो आणि तिच्या भाड्याचा आकडा नीट पाठ करून ठेवा, कारण मानधनाच्या आकड्याशी त्याची तुलना करायचा मोह तुम्हाला पुढे वारंवार होणार आहे. करू नका.

आता पहिला गिग, म्हणजे कार्यक्रम. पबचा मॅनेजर ‘काय वाजवता?’ असं विचारेल या आशेवर राहू नका. तो विचारतो, ‘किती पब्लिक आणाल?’ इथे लाजायचं काम नाही. ऑफिसातले, शाळेतले, जिममधले, ज्याच्याशी लग्न ठरता ठरता राहिलं त्या स्थळाचे, सगळे मोजा. ही मंडळी आपल्या खर्चाने येतात, आपल्या खर्चाने पितात, आणि त्या बिलावर पबची बुधवारची रात्र निघते. बदल्यात तुम्हाला प्रत्येकी एक बिअर आणि स्टार्टर्सवर वीस टक्के सूट मिळते. पनीर संपलेलं असतं.

एप्रिल-मे महिन्यांत गिग मिळाला तर दुधात साखर, कारण तेव्हा आयपीएल असतं. स्टेजच्या बरोबर वर पडदा लावलेला असतो, आवाज बंद करून. प्रेक्षकांची नजर तुमच्या डोक्याच्या दीड फूट वर खिळलेली असते, आणि फोटोत ते सगळे तल्लीन झाल्यासारखे दिसतात. तुमचं सगळ्यात हळवं गाणं सुरू असताना, दुसऱ्या कडव्याच्या आधीच्या शांततेत, अख्खा पब उभा राहून ओरडतो. षटकार असतो. तुम्ही मान किंचित झुकवून ‘थँक यू’ म्हणा. बेसिस्टने मात्र मागे वळून स्कोअर बघू नये, ते फार वाईट दिसतं.

मध्येच वेटर टिश्यूपेपरवर लिहिलेली फर्माईश आणून देईल. हिंदी गाण्याची असेल, नाहीतर दहा वर्षांपूर्वी प्रत्येक मिरवणुकीत वाजलेल्या त्या मराठी गाण्याची. ‘आम्ही फक्त ओरिजिनल वाजवतो’ हे वाक्य माइकवर एकदा म्हणून बघा. पुढच्या टेबलावरचे काका मनापासून सांगतील, ‘अरे, मग ओरिजिनल वाजवा ना, रिमिक्स नको.’

साउंडवाल्याला पहिल्या क्षणापासून ‘दादा’ म्हणा. दादांच्या हातात तुमची अब्रू असते. ‘दादा, मॉनिटरमध्ये व्होकल थोडा वाढवा ना’ असं म्हटलं (मॉनिटर म्हणजे तुमच्याकडे तोंड केलेला स्पीकर) की दादा एक बटण फिरवतात. ते बटण कशाला जोडलेलं आहे हे विचारायचं नाही. ‘हां, आता मस्त’ म्हणायचं.

असे पाच-सहा गिग पचले की उन्हाळी फेस्टिव्हलचं बोलावणं येतं. शहाण्या माणसांचे उघड्यावरचे फेस्टिव्हल आपल्याकडे थंडीत होतात. पुण्यात 2010 साली एनएच7 वीकेंडर सुरू झाला तोही डिसेंबरात. पण तिथे जागा मिळवायला रांग फार मोठी असते. मे महिन्यात, पवनेच्या काठी, एखाद्या रिसॉर्टच्या लॉनवर होणाऱ्या फेस्टिव्हलला रांग नसते. का नसते, हे प्रत्यक्ष गेल्यावर उलगडतं.

आयोजक तुम्हाला ‘ब्रो’ म्हणेल. त्याच्या बोलण्यात ‘एक्स्पोजर’ हा शब्द येईल, आणि मेच्या उन्हात दुपारी चार वाजता ते भरपूर मिळतंही, त्यात फसवणूक काही नाही. मानधनाचा विषय तुम्ही काढलात तर तो दुखावल्यासारखा होऊन म्हणेल, ‘ब्रो, हा कम्युनिटी फेस्ट आहे.’ कम्युनिटीमध्ये जनरेटरवाला, मांडववाला, एलईडीवाला, बाउन्सर आणि फिरती शौचालयं पुरवणारे गृहस्थ येत नाहीत. त्यांचे पैसे आगाऊ गेलेले असतात.

याच दिवसांत महाराष्ट्रात खरे उन्हाळी फेस्टिव्हल गावोगाव चालू असतात, त्यांना जत्रा म्हणतात. त्यांच्यासाठी पाडव्याच्या सुमाराला जुन्नर तालुक्यात नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावकरी येतात, घासाघीस होते, तारीख आणि रक्कम ठरते, सुपारी दिली जाते. पाटावर बसलेला फडमालक ‘एक्स्पोजर किती मिळेल?’ असं कुठल्याही सरपंचाला विचारत नाही. तो वेगळ्या पिढीचा माणूस. तुम्ही मात्र इंग्रजी माध्यमातून शिकलात, तेव्हा इन्स्टाग्रामवर अंगठा दाखवून सौदा पक्का करा.

‘साउंडचेक अकराला’ असं सांगितलं असेल तर पहाटे निघा. टेम्पोचं भाडं, टोल, डिझेल सगळं आपापसांत वाटून घ्या. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या तर तवाही आपलाच न्यावा लागतो. अकरा वाजता पोहोचलात की मांडवाचे बांबू उतरत असतील. एक वाजता साउंडचेक सुरू होतो, मोठ्या बँडचा. तो साडेतीनपर्यंत चालतो आणि त्यात त्यांचा ड्रमर टॉम नावाचा एकच ड्रम तब्बल वीस मिनिटं बडवतो. तुम्हाला मिळतो लाइनचेक, म्हणजे प्रत्येक वायर जिवंत आहे एवढं पाहून घ्यायचं. ‘बाकी पहिल्या गाण्यात सेट करू’ असं दादा सांगतात. पहिलं गाणं चार मिनिटांचं, तुमचा स्लॉट पंचवीसचा.

उन्हाचा एक फायदा असा की तारा तापून सैल पडतात आणि सूर खाली उतरतो. दोन्ही गिटारी सारख्याच उतरल्या तर कुणाला कळतही नाही. पण एक सावलीत असते आणि एक उन्हात. फोनवरच्या ट्यूनरवर विसंबाल, तर फोन ‘तापमान कमी होऊ द्या’ असं सांगून डोळे मिटतो. काळ्या कापडाच्या स्टेजवर अनवाणी वाजवायची तुमची स्टाइल असेल, तर ती ऑक्टोबरनंतर सुरू करा.

समोर प्रेक्षक असतात का? असतात. केटरिंगची दोन मुलं, दागिन्यांच्या स्टॉलवरची ताई, कुणाची तरी आजी आणि रिसॉर्टचा कुत्रा. तुम्ही खचू नये म्हणून सांगतो, 1969 च्या वुडस्टॉकमध्ये शेवटचा मान जिमी हेंड्रिक्सचा होता. कार्यक्रम इतका लांबला की तो स्टेजवर आला सोमवारी सकाळी, आणि तोवर चार लाखांतले बहुतेक लोक घरच्या वाटेला लागले होते. हे आजीला माइकवरून सांगा. तिला तेवढीच सोबत.

गाणाऱ्याने माइकला ओठ लावण्याआधी बोटाची मागची बाजू लावून पाहावी. जनरेटरचं अर्थिंग हा रिसॉर्टवर श्रद्धेचा विषय असतो. हातात तारा, ओठांपाशी माइक, आणि दोन्हींच्या मधला विजेचा फरक तुमच्या अंगातून वाट काढतो. दुसऱ्या ओळीत तुम्ही जो हिसका देऊन मागे सरकता, त्याला समोर ‘काय एनर्जी आहे पोराची’ म्हणतात. दादांना सांगितलंत तर ते म्हणतील, ‘बूट घाल ना.’

पाचच्या सुमाराला तुंग किल्ल्याच्या बाजूने काळं होऊन येतं. वळीव. धूळ उठते, एलईडीचा पडदा शिडासारखा फुगतो आणि मग कुणीतरी ‘प्लास्टिक!’ म्हणून बोंब मारतो. इथे प्राधान्यक्रम समजून घ्या. प्लास्टिक आधी मिक्सरवर, मग स्पीकरवर, मग मोठ्या बँडच्या अँपवर आणि उरलं तर समोशांवर. तुमचा की-बोर्ड शर्ट काढून झाका. शर्ट असाही ओलाच झालेला असतो.

पाऊस थांबला की तुमची उरलेली तीन गाणी वाजवायला मिळतील असं वाटेल. तसं होत नाही, कारण रात्री दहाची घंटा. उघड्यावर दहानंतर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकारला वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते खरी, पण ते दिवस मिळवण्यात गणपती आणि नवरात्र तुमच्यापेक्षा ज्येष्ठ आहेत. त्यामुळे पावसाने खाल्लेला दीड तास भरून काढायचा तो छोट्या बँडांतून. तक्रार करू नका. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात, उघड्या थिएटरात, 1986 साली इंडिपेंडन्स रॉक हा फेस्टिव्हल सुरू झाला, हजारो पोरं तिथे डोकी हलवून गेली, आणि बाजूला कॉलेज-हॉस्पिटल म्हणून ते अख्खं थिएटरच शांतता क्षेत्रात मुकं झालं. तुमची तर तीनच गाणी गेली.

जेवणाची कूपनं चौघांत दोन असतात. मोठा बँड वाजवत असताना केटरिंगवाल्यांकडे जा. ते दुपारपासून तुम्हाला ओळखतात, तुमचं संगीत ऐकलेली तीच माणसं, ते पुलाव वाढतात.

प्रवासखर्चाचे म्हणून कबूल केलेले पैसे हवे असतील तर इनव्हॉइस पाठवा. मग व्हेंडर फॉर्म, पॅन आणि रद्द केलेला चेक. रक्कम मर्यादेच्या कितीही खाली असली तरी दहा टक्के टीडीएस कापून घेतील, तो परत मिळवायला रिटर्न भरा, आणि सीएची फी त्या टीडीएसपेक्षा जास्त आहे हे बँडच्या ग्रुपवर टाकू नका, उगाच चर्चा होते. जीएसटीची चिंता नको, सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाखांची आहे. दरम्यान ‘ऑनलाइन कमाई’वर लक्ष ठेवा. 2024 पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं गेल्या बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नसेल तर त्याचे पैसेच मिळत नाहीत. तुमच्या आईने रोज तीन वेळा लावलं तर हजाराचा आकडा तरी गाठला जाईल. तिला आवाज बंद करून लावायला सांगू नका, तिला ते गाणं आवडतं म्हणे.

एप्रिल उजाडला की आयोजकाचा मेसेज पुन्हा येईल. ‘ब्रो, धिस इयर बिगर. बजेट टाइट. स्लॉट साडेतीन.’ दोन मिनिटांत ‘येस ब्रो’ पाठवा. विचार करत बसलात तर तो स्लॉट दुसऱ्या बँडला जातो, आणि त्या बँडचा ड्रमर तुमचाच असल्यामुळे त्याने तिकडून ‘हो’ कळवूनही टाकलेलं असतं.