पिट्सबर्गहून: कोण गेलं आणि का गेलं, तेही छापा

आपल्याकडे मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांच्या पेपरवरून जो वाद चालतो तो मी इथून नेमाने वाचते. प्रमोशन हवं तर पेपर छापा असा नियम, आणि त्यावर डॉक्टरांचं म्हणणं की ओपीडीची रांग दारापर्यंत, वॉर्डात खाली गाद्या टाकायची वेळ, पेपर लिहायचे कधी, मग कुठल्यातरी जर्नलला पैसे भरायचे, काहीतरी छापून आणायचं आणि फाइलला लावून मोकळं व्हायचं. माझा मामेभाऊ सरकारी कॉलेजात सर्जरीला आहे, तो फोनवर चिडून विचारतो, "ताई, पेपरने पेशंट बरा होतो का गं?" त्याचा राग रास्त आहे, नियम ज्या पद्धतीने राबवतात ती पद्धत चुकीचीच आहे. पण त्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर मात्र हो, होतो, असंच आहे.

मी इथे, अमेरिकेत पिट्सबर्गला, रक्त गोठण्याच्या तपासण्या करणाऱ्या लॅबमध्ये काम करते. पिट्सबर्गचं नाव ट्रान्सप्लांटच्या जगात झालं ते थॉमस स्टार्झल या सर्जनमुळे, 1981 मध्ये ते इथे आले, 2017 मध्ये इथेच वारले. त्यांचं जे काम मला सगळ्यात मोठं वाटतं ते मात्र डेन्व्हरचं, 1963 सालचं. त्या वर्षी मार्चमध्ये त्यांनी माणसातलं पहिलं लिव्हर ट्रान्सप्लांट केलं, पेशंट तीन वर्षांचा मुलगा होता, आणि तो टेबलावरच गेला कारण रक्त थांबेचना. गोठण्यासाठी लागणारे बहुतेक घटक लिव्हरच बनवतं, लिव्हर खराब झालं की रक्त गोठायचं विसरतं. मग पुढच्या पेशंटांना रक्त थांबवायची औषधं दिली, आणि झालं उलटंच, ऑपरेशनच्या वेळी रक्त वळवून नेणाऱ्या नळ्यांमध्ये गुठळ्या झाल्या, त्या सरकून फुप्फुसात गेल्या. दुसरा पेशंट 22 दिवस जगला. हे सगळं त्यांनी त्याच वर्षी छापलं, काय दिलं, कशाने काय झालं, पोस्टमॉर्टेममध्ये काय दिसलं. आणि मग थांबले, 1967 पर्यंत त्यांनी माणसावर लिव्हर ट्रान्सप्लांट केलंच नाही, आणि परत सुरू केलं तेव्हा मात्र एक लहान मुलगी वर्षाहून जास्त जगली. मधल्या काळात डेन्व्हरमध्ये रक्त गोठण्याचे तज्ज्ञ कुर्ट फॉन काउला यांच्याबरोबर कुत्र्यांवर आणि माणसांवर लिव्हर काढताना आणि बसवताना रक्तात नेमकं काय बदलतं याचे पेपर निघाले. ज्यांना पेपर म्हणजे फाइलला लावायचा कागद वाटतो त्यांनी हे पेपर वाचावेत असं मला मनापासून वाटतं.

आता आतड्याकडे येते, कारण आतड्याइतकं रक्ताच्या गुठळ्यांशी बांधलेलं दुसरं ट्रान्सप्लांट नाही. बघा कसं होतं, आतड्याला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीत किंवा परत आणणाऱ्या शिरेत गुठळी अडकते, पोटात भयंकर दुखतं पण हाताने दाबून तपासलं तर सुरुवातीला फारसं काही सापडत नाही, मग काही तासांत आतडं काळं पडतं आणि सर्जनला ते मीटरच्या मीटर कापून काढावं लागतं. उरलेल्या तुकड्यातून अन्न शोषलं जात नाही. मग शिरेतून पोषण, ज्याला सगळे टीपीएन म्हणतात, ही पद्धत 1968 च्या सुमारास आमच्याच पेन्सिल्व्हेनिया राज्यात स्टॅनली डड्रिक या सर्जननी उभी केली. त्यासाठी मानेतल्या किंवा गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेत कायमची नळी लागते, आणि त्या नळीभोवती परत गुठळ्या होतात, एक शीर बंद झाली की दुसरी, मग तिसरी, आणि एक दिवस नळी घालायला शीरच उरत नाही. ट्रान्सप्लांट करायचं ते तेव्हा. अमेरिकेत सरकारी विमा आतड्याच्या ट्रान्सप्लांटचा खर्च कधी देतो याच्या नियमांत अशा दोन किंवा जास्त मोठ्या शिरा बंद होणं हे एक कारण म्हणून चक्क लिहिलेलं आहे. आणि ज्याला जन्मतःच प्रोटीन सी, म्हणजे रक्त नको तिथे गोठू न देणारं, लिव्हरमध्ये बनणारं प्रोटीन, कमी आहे त्याला नुसतं आतडं बसवलं तर नव्या आतड्याच्या रक्तवाहिनीतही गुठळी व्हायची भीती राहते, रक्त पातळ करायची औषधं जन्मभर घ्यावी लागतात, पण आतड्याबरोबर लिव्हरही बसवलं तर प्रोटीन सी नवं लिव्हर बनवायला लागतं. (गुठळ्यांवरचं जे हेपरिन आपण सगळीकडे वापरतो ते डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच विचारात होते.)

स्टार्झलनी 1987 मध्ये इथे तीन वर्षांच्या एका मुलीला आतड्यासकट पोटातले बरेच अवयव एकत्र बसवले, ती सहा महिन्यांहून जास्त जगली आणि मग लिम्फोमाने, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरने गेली, तेही 1989 मध्ये छापून आलं. 1990 पासून टॅक्रोलिमस हे, शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून द्यायचं, नवं औषध घेऊन इथे आतड्याच्या ट्रान्सप्लांटचा कार्यक्रम सुरू झाला, आणि 1994 मध्ये इथल्या टीमने स्वतःहून तो थांबवला कारण गुंतागुंत फार होत होती. आधीच्या पेशंटांचा हिशोब मांडला, पद्धत बदलली, 1995 मध्ये परत सुरू केला. मला हे थांबणं सगळ्यात जास्त आवडतं, खरं सांगते. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या टीमने सांगायचं की आमचे पेशंट गेले, आम्ही थांबतोय, याला केवढं धैर्य लागतं.

आपल्याकडे ग्रीन कॉरिडॉरची बातमी येते, किती मिनिटांत अवयव पोचला, पोलिसांनी कसा रस्ता मोकळा केला, दात्याच्या घरच्यांचे फोटो. ती बातमी मला आवडते, त्या घरच्यांना तर हात जोडावेत. पण तो पेशंट एका वर्षाने कसा आहे ही बातमी मी क्वचितच वाचलीय. अमेरिकेत 1984 च्या कायद्याने सगळ्या ट्रान्सप्लांटची नोंद ठेवणं आलं, आणि आज कुठल्या हॉस्पिटलचे किती पेशंट वर्षभराने जिवंत आहेत हे कुणीही घरबसल्या बघू शकतं, दर सहा महिन्यांनी आकडे नवे होतात. आपल्याकडे अवयवदानाचा 1994 चा कायदा आहे, मुंबई, पुणे, नागपूरला अवयववाटपाच्या झोनल समित्या आहेत, समन्वयक जीव तोडून काम करतात, किती अवयव मिळाले याची मोजणी होते, पण पेशंटच्या घरच्यांना हॉस्पिटल निवडताना वर्षभरानंतरचा आकडा हातात मिळत नाही, त्यांना ओळखीपाळखीवर जावं लागतं.

इथलं सगळं छानच असंही नाही. आकडे जाहीर होतात म्हणून काही हॉस्पिटलं अवघड पेशंट घ्यायलाच नको म्हणतात, यावर इथेही वर्षानुवर्षं भांडण चालू आहे, आणि ज्याचा विमा नीट नाही त्याला या आकड्यांचा उपयोग शून्य. आतड्याची ट्रान्सप्लांटं तर इथे कमी झालीत, 2007 च्या सुमारास वर्षाला 200 च्या जवळ होती, आता 100 च्या आसपास, आणि ही चांगली गोष्ट आहे कारण टीपीएन सुधारलं, त्यामुळे लिव्हर बिघडायचं ते कमी झालं, उरलेलं आतडं वाढवायची औषधं आली. घरी रात्रभर टीपीएनची पिशवी लावून झोपायचं आणि सकाळी कामाला जायचं असं इथे लोक करतात. आपल्याकडे घरी टीपीएन ही फार थोड्यांना परवडणारी गोष्ट आहे, म्हणून ट्रान्सप्लांट सेंटरं काढण्याआधी याच्यावर पैसा घाला असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हे आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणू नये. परळला केईएमच्या आवारात इम्युनोहिमॅटॉलॉजीची, म्हणजे रक्ताच्या आजारांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिथल्या लोकांनी 2001 मध्ये पश्चिम भारतातल्या बड-किआरीच्या, म्हणजे लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांत गुठळी झालेल्या पेशंटांवर पेपर छापला, गुठळीची जन्मजात कारणं आपल्या लोकांत किती सापडतात ते मोजून दाखवलं. त्याच वर्षी लष्करातल्या डॉक्टरांनी उंच डोंगरांवर महिनोन्‌महिने राहणाऱ्या जवानांना गुठळ्या जास्त होतात हे दाखवलं. हे दोन्ही पेपर प्रमोशनच्या धाकाने निघालेले वाटत नाहीत, समोर पेशंट येत होते म्हणून निघाले.

मामेभावाला मी हेच म्हणाले, की तुझ्याकडे आतडं काळं पडलेले जे पेशंट येतात त्यांची एक वही घाल. वय, पोट दुखायला लागल्यापासून सीटी होईपर्यंत किती तास गेले, किती आतडं उरलं, घरी कधी गेला, वर्षभराने फोन केला तर कोण बोललं. जे गेले त्यांचीही नोंद त्याच पानावर. आणि प्रोटीन सी आणि तसंच गुठळी रोखणारं प्रोटीन एस तपासायला पाठवणार असशील तर सॅम्पल कधी घेतलं तो दिवस लिही, वॉरफरिन किंवा असिट्रॉम ही रक्त पातळ करायची औषधं चालू असताना दोन्ही आकडे कमीच येतात आणि ऐन गुठळी झालेल्या दिवसांतही कमी येऊ शकतात. तो म्हणाला, रेसिडेंटला सांगतो, थीसिसला विषय शोधतोच आहे.