संशोधनाला पैसा हवाय? आधी शत्रू शोधा

संशोधक मंडळी, तुमचं मुळातच चुकतंय. प्रयोगशाळेतला डीप फ्रीज बंद पडला म्हणून तुम्ही अर्ज केलात. सोबत तीन कोटेशनं जोडलीत. अकाउंट्समधून विचारणा आली, जुना फ्रीज भंगारात काढल्याचा कागद कुठंय? तो मिळवेपर्यंत कोटेशनांची मुदत संपली. मग मार्च उजाडला आणि न वापरलेली ग्रँट परत गेली. फ्रीजमधल्या नमुन्यांचं सूप झालं ते वेगळंच. आणि हे सगळं कशापायी? अर्जात तुम्ही ‘डासांच्या अळ्यांचा अभ्यास’ असं खरंखरं लिहून बसलात! शत्रूचं नावसुद्धा नाही.

तेव्हा पहिला सल्ला: युद्धाची वाट बघा. तोवर लाज सोडायचा सराव करा.

लायटल अ‍ॅडम्स नावाचे एक अमेरिकन दंतवैद्य होते. दुसऱ्या महायुद्धात, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर पाचेक आठवड्यांत, जानेवारी १९४२मध्ये, त्यांनी थेट व्हाइट हाऊसला कळवलं की वटवाघळांना छोटे आगबॉम्ब बांधून जपानवर सोडू. ती लाकडी घरांच्या वळचणीला जाऊन बसतील आणि शहरं पेटतील. रूझवेल्ट साहेबांनी शेरा मारला की हा माणूस वेडा नाही. झालं! सुमारे २० लाख डॉलर खर्ची पडले. १९४३च्या चाचणीत काही वटवाघळं निसटली आणि त्यांनी न्यू मेक्सिकोतला अमेरिकेचाच नवा कोरा विमानतळ पेटवला. दंतवैद्याला कुणी विचारलं नाही, की बाबा, तुमचा पीएचडीचा विषय काय?

ब्रिटिशांनी बर्फाचं विमानवाहू जहाज करायला घेतलं होतं, जवळपास ६०० मीटर लांब. बर्फात लाकडाचा लगदा मिसळला की तो लवकर वितळत नाही आणि फुटतही नाही, हा शोध. भाऊच्या धक्क्यावर पहाटे बर्फाची लादी फोडणाऱ्या मामांना हे सांगून बघा. हातातला टोचा बाजूला ठेवून ते म्हणतील, ‘भुशातला बर्फ टिकतो, हे आमच्या आज्यालापण ठाऊक होतं की!’ पण मामांच्या ओळखीचे माउंटबॅटन नव्हते. हेच ते, पुढं आपल्याकडं व्हाइसरॉय म्हणून आलेले. १९४३मध्ये कॅनडातल्या क्वेबेकच्या बैठकीत त्यांनी पिस्तूल काढून बर्फावर गोळी झाडून दाखवली. तुम्ही प्रेझेंटेशनला पेन ड्राइव्ह घेऊन जाता.

ऑडिटची धास्ती वाटते? ती तर आधी सोडा. अणुबॉम्बच्या कामाला पहिली मदत मिळाली ६,००० डॉलरची. पुढं आकडा २०० कोटींवर गेला. युद्धखर्चातली उधळपट्टी शोधणाऱ्या समितीचे अध्यक्ष सेनेटर ट्रूमन चौकशीला निघाले, तेव्हा युद्धमंत्र्यांनी त्यांना सांगितलं, इथं विचारू नका. ते गप्प बसले. हा पैसा कशावर गेला, ते त्यांना नीट कळलं १९४५च्या एप्रिलमध्ये, स्वतः राष्ट्राध्यक्ष झाल्यावर. ऑगस्टमध्ये हिरोशिमाला कळलं. वटवाघळं फसली, बर्फ फसला. हा एवढा एक प्रकल्प वेळेत पूर्ण झाला.

माणसं वाचवणारं काही सापडलं असेल, तर मात्र कपाटात ठेवा आणि योग्य लढाईची वाट पाहा. फ्लेमिंगना पेनिसिलिन दिसलं १९२८ला. तेव्हाही माणसं खरचटल्याचं निमित्त होऊन मरतच होती, पण ती आपली साधी माणसं, बिनवर्दीची. १९४०मध्ये ऑक्सफर्डला संशोधक फ्लोरी आणि त्यांचे सहकारी पेनिसिलिन देणारी बुरशी इस्पितळातल्या बेडपॅनमध्ये वाढवत होते. मग जखमी सैनिकांचा हिशेब लागला आणि अमेरिकन सरकारी प्रयोगशाळेत बाजारातल्या सडक्या खरबुजावरच्या बुरशीलाही मान मिळाला.

आपल्याकडं तरी वेगळं काय? वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे आपली सीएसआयआर, इंग्रजांना सुचली ती १९४२च्या धामधुमीत. त्याआधीची कैक वर्षं इथं विज्ञानाची गरज कुणाला भासली नसावी. अणुशास्त्रज्ञ होमी भाभाही १९३९ला सुट्टीवर आले आणि युद्धामुळं इथंच अडकले, म्हणून मुंबईला टीआयएफआर ही मूलभूत संशोधनाची संस्था मिळाली. त्या सुट्टीचा अर्ज कुणी मंजूर केला असेल, त्याचे आभार.

शेवटचं आणि महत्त्वाचं: शांतता कधीही होऊ शकते, तेव्हा खरेदी आधी उरकून घ्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी बॉम्बच्या नाकाडात कबुतरं बसवून, पडद्यावरच्या लक्ष्यावर चोच मारायला शिकवून, बॉम्ब नेमका नेऊन आदळायचा प्रकल्प केला होता. त्यासाठी २५,००० डॉलर मिळाले. कबुतरं कामात चोख निघाली, बघणाऱ्या अधिकाऱ्यांना हसू आवरेना, आणि १९४४ला फाईल बंद झाली. स्किनरनी पक्षी सांभाळून ठेवले. सहा वर्षांनीही त्यांतली काही कबुतरं चित्र दिसताच अचूक चोच मारत. दादरच्या कबुतरखान्यावर महापालिकेनं ताडपत्री घातल्यापासून शेकडो होतकरू उमेदवार गच्च्यांवर रिकामे बसून आहेत. प्रस्ताव आजच टाका, ‘प्रति’मध्ये संरक्षण खातं घाला आणि दाण्याची तीन कोटेशनं मात्र जोडू नका.