ब्रेव्ह्जनी विक्रम मोडला नाही, गाठला

अमेरिकेतल्या बेसबॉल लीगमधल्या अटलांटा ब्रेव्ह्ज संघाने 2023 मध्ये एका हंगामात संघाने मारलेल्या होम रनचा (बहुतेकदा चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवून मिळणाऱ्या धावेचा) विक्रम मोडला, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. मीही ब्रेव्ह्जचा चाहता, पण आकडा चुकीचा सांगू नये. 2019 मध्ये मिनेसोटा ट्विन्सचे 307 होम रन होते, ब्रेव्ह्जचेही 307च. म्हणजे बरोबरी.

ब्रेव्ह्जच्या एकट्या मॅट ओल्सनच्या जिवावर सगळं झालं, हेही खरं नाही. त्याचे 54 होते, ब्रेव्ह्जच्या खेळाडूंमधला एका हंगामातला विक्रम! पण त्याचे संघसहकारी अकुन्या 41, ओझुना 40, रायली 37, अल्बीज 33. तिशी ओलांडणारे पाच जण! ट्विन्सकडेही पाचच होते. प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) मात्र दोन्ही संघ पहिल्याच मालिकेत बाहेर पडले.